खासगी क्रमांकाची वहिवाट

ब्रिटनमध्ये १९०३ साली मोटारगाड्यांविषयीचा कायदा संमत झाला आणि १९०४ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटारीने सरकारदप्तरी नोंद करून आपला क्रमांक अंगावर वागवला पाहिजे असे ठरले, तेव्हा भरधाव जाऊन, प्रसंगी अपघात करून दृष्टीआड होणाऱ्या चालकाचा छडा लागावा, याहून मोठा हेतू त्या तजविजीमागे नव्हता. एक-दोन अक्षरे आणि पुढे काही अंक, एवढीच ती खूण होती. तिच्याविषयी कोणाला ममत्व वाटेल, तिच्यासाठी कोणी पैसे मोजील, किंवा गाडी मोडीत गेल्यावरही ती आपल्याजवळ राहावी म्हणून कोणी सरकारकडे अर्ज करील, ही कल्पना कायदा लिहिणाऱ्यांच्या मनाला शिवलीही नसावी. परंतु मनुष्यस्वभाव कायद्याच्या फार पुढे धावतो. लोकसंख्येच्या क्रमाने अक्षरे वाटताना लंडनच्या वाट्याला ‘ए’ आले होते, आणि त्यातला ‘ए १’ हा क्रमांक तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे वडील बंधू अर्ल रसेल यांनी मिळवला; त्यासाठी त्यांनी कचेरीच्या दारात रात्रभर तिष्ठत काढल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. अर्थात विशिष्ट क्रमांकाची आवड ही पुढील काळातील श्रीमंतीने निर्माण केलेली नसून ती नोंदणीच्या पद्धतीइतकीच जुनी आहे.

पुढे गाड्यांची संख्या वाढत गेली, जुनी मालिका अपुरी पडू लागली, आणि १९६३ साली क्रमांकाच्या शेवटी वर्ष सुचवणारे अक्षर लावण्यास आरंभ झाला. १९८३ च्या ऑगस्टपासून हे वर्षसूचक अक्षर शेवटून उचलून आरंभी आणण्यात आले. आणि २००१ च्या सप्टेंबरपासून आजची रचना अमलात आली, जिच्यात पहिली दोन अक्षरे नोंदणीचा प्रदेश, त्यापुढील दोन अंक नोंदणीची सहामाही दाखवतात आणि शेवटची तीन अक्षरे एका गाडीस दुसरीपासून वेगळे करतात. २०२४ च्या मार्चपासून नोंदलेल्या गाडीवर ‘२४’ आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून नोंदलेल्या गाडीवर ‘७४’, असा हा हिशेब आहे. गाडीचे वय तिच्या कपाळावर लिहिण्याच्या या पद्धतीमुळे एक नवीच गोष्ट घडून आली: ज्या जुन्या क्रमांकांत वर्षाचा मागमूसही नाही, त्यांना मोल आले. उत्तर आयर्लंडातील क्रमांकांत वर्षसूचक खूण कधीच नव्हती, यास्तव ‘आय’ अथवा ‘झेड’ हे अक्षर असलेले तिकडचे क्रमांक इंग्लंड-स्कॉटलंडमधील लोकही हौसेने घेऊन आपल्या गाड्यांना लावू लागले. ज्यास तिकडे सामान्यतः ‘प्रायव्हेट प्लेट’ म्हणतात, आणि जुने हौशी लोक ज्याचा उल्लेख जिव्हाळ्याचा क्रमांक अशा अर्थाच्या नावाने करतात, त्या प्रकाराची ही पूर्वपीठिका होय.

या सर्व व्यवहाराचे मर्म मात्र एका कायदेशीर भेदात आहे, आणि तो भेद ज्याला उमगला त्याला पुढील सर्व नियम आपोआप समजतात. क्रमांक हा कोणाच्याही मालकीचा नसतो. तो सरकार गाडीला देते, माणसाला नव्हे. माणसाजवळ असतो तो केवळ तो क्रमांक एखाद्या गाडीस लावून घेण्याचा हक्क. आपल्याकडे भोगवटादार वर्ग दोनची जमीन ज्याच्या नावे असते, तो ती पिढ्यान्‌पिढ्या कसतो, तिच्यावर जीव लावतो, परंतु सरकारची परवानगी घेतल्याखेरीज व योग्य तो नजराणा भरल्याखेरीज ती दुसऱ्याच्या नावे करू शकत नाही. ब्रिटनमधील खासगी क्रमांकाचा भोगवटा नेमका याच जातीचा आहे. वेल्समधील स्वान्झी या शहरी असलेली चालक व वाहन परवाना संस्था, जिला तिथले लोक डीव्हीएलए या आद्याक्षरांनीच ओळखतात, ती या हक्काचे दप्तर सांभाळते आणि फेरफाराची नोंद करते. पूर्वी हे दप्तर गावोगावच्या परिषदांकडे विखुरलेले होते. ते स्वान्झीस एकत्र करताना ज्यांनी १९८३ पर्यंत आपल्या जुन्या गाडीची नोंद नव्या दप्तरी करवून घेतली नाही त्यांचे मूळ क्रमांक गेले, आणि आज एखाद्या जुन्या गाडीचा मालक पुरावा सादर करून तो हरवलेला क्रमांक परत मिळवतो, तेव्हा तो त्या गाडीशी कायमचा जखडला जातो. दुसऱ्या गाडीवर नेण्याची मुभा त्याला राहत नाही. हा नियम मला अत्यंत न्याय्य वाटतो. जो क्रमांक गाडीच्या इतिहासाचा भाग म्हणून परत दिला, तो इतिहासापासून तोडून बाजारात विकू देणे सरकारला शोभले नसते.

बाजार मात्र आहे, आणि तो खुद्द सरकारनेच मांडला आहे. १९८९ पासून ही संस्था पूर्वी कधीही न दिलेले क्रमांक लोकांस विकू लागली आणि त्या विक्रीतून सरकारी तिजोरीत दोन अब्ज पौंडांहून अधिक भर पडली आहे. २००८ साली एसेक्स परगण्याच्या परिषदेने आपल्याजवळील ‘एफ १’ विकला तेव्हा त्यास सर्व खर्चासह चार लाख चाळीस हजार पौंडांहून अधिक किंमत आली. २०१४ साली ‘२५ ओ’ हा क्रमांक लिलावात पाच लाख अठरा हजार पौंडांस गेला आणि तो एका जुन्या फेरारी गाडीसाठी घेतला गेला. वृत्तपत्रांना असल्याच बातम्या प्रिय असतात, आणि त्यामुळे हा सारा प्रकार कुबेरांच्या चैनीचा आहे असा समज पसरतो. तो समज खरा नाही. सरकारी विक्रीत अडीचशे पौंडांपासून क्रमांक मिळतात, आणि जे लोक ते घेतात त्यांतील पुष्कळांना आपली किंवा आपल्या घरच्या माणसाची आद्याक्षरे, मुलाच्या जन्माचे वर्ष, एखाद्या आवडत्या नावाचा भास, एवढेच हवे असते. हॅरो, स्लाउ, हाउन्स्लो, लेस्टर अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांच्या दारांतही असे क्रमांक दिसतात, आणि पाचाच्या अंकात ‘एस’ व एकाच्या अंकात ‘आय’ पाहून आपले आडनाव वाचण्याची युक्ती त्यांनी तिथल्या लोकांइतकीच आत्मसात केली आहे. गाडी पाच-सात वर्षांनी बदलते; वडिलांच्या आद्याक्षरांचा क्रमांक मात्र टिकावा असे वाटणे यात मला काहीही पोरकट दिसत नाही.

आता प्रत्यक्ष हस्तांतराकडे वळू, कारण वाचकाला उपयोग व्हायचा तो येथेच. समजा, लेस्टर येथील एका गृहस्थांच्या जुन्या गाडीवर असा क्रमांक आहे, ती गाडी विकून त्यांना दुसरी घ्यावयाची आहे आणि क्रमांक दुसरीवर न्यावयाचा आहे. सामान्य माणसाच्या कल्पनेप्रमाणे हे काम पाटी काढून पाटी लावण्याचे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही दोन स्वतंत्र कृत्ये आहेत. पहिले कृत्य म्हणजे जुन्या गाडीवरून क्रमांक उतरवून तो आपल्या नावे राखून ठेवणे. त्यासाठी गाडीची नोंदणीपुस्तिका, म्हणजे व्ही ५ सी हा दस्तऐवज, ज्यास बोलीत सर्व जण लॉगबुकच म्हणतात, तो हाताशी लागतो. अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर करता येतो किंवा व्ही ३१७ हा नमुना भरून टपालाने पाठवता येतो. आणि ऐंशी पौंड शुल्क भरावे लागते. अर्ज मान्य झाला की व्ही ७७८ नावाचा राखीवपणाचा दाखला मिळतो, आणि जुन्या गाडीस बहुधा तिचा पूर्वीचाच क्रमांक परत दिला जातो. येथे एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात: क्रमांक उतरल्या क्षणापासून ती गाडी जुन्या पाटीनिशी रस्त्यावर आणता येत नाही, तिला परत मिळालेल्या क्रमांकाची पाटी आधी लावावी लागते, म्हणून मूळ पाट्या अडगळीत फेकून न देता जपून ठेवाव्यात हे उत्तम.

दुसरे कृत्य म्हणजे राखलेला क्रमांक नव्या गाडीस बहाल करणे. याकरिता पुन्हा शुल्क नाही, कारण ते ऐंशी पौंड याच कामाचे आगाऊ घेतलेले असतात. गाडी कोरी असेल तर व्ही ७७८ विक्रेत्याकडे दिला म्हणजे तो पहिल्या नोंदणीच्या वेळीच तो क्रमांक घालून देतो. गाडी वापरलेली असेल तर ती आपल्या नावे झाल्यावर अर्ज करावा. ज्याने क्रमांक सरकारी विक्रीत नव्यानेच घेतला आहे त्याच्याजवळ व्ही ७७८ ऐवजी व्ही ७५० हे हक्काचे प्रमाणपत्र असते, बाकी रीत तीच. सुधारलेली नोंदणीपुस्तिका मागाहून टपालाने येते. पूर्वी क्रमांक नुसता राखून ठेवावयाचा तर दरसाल पंचवीस पौंड मोजावे लागत. २०१५ पासून ही वार्षिक आकारणी रद्द झाली, दाखल्याची मुदत दहा वर्षांची झाली आणि नूतनीकरण विनामूल्य करण्यात आले. सामान्य माणसाच्या भावनेशी निगडित अशा गोष्टीवर कर बसवून तो पुढे स्वतःच मागे घेणारे सरकार विरळा, म्हणून हा निर्णय मी आवर्जून नमूद करतो.

प्रत्येक गाडी या व्यवहारास पात्र नसते. ती आपल्या सामर्थ्याने चालू शकणारी, वार्षिक तपासणीस पात्र अशा वर्गातली आणि पाहणीसाठी हजर करता येण्याजोगी असावी लागते. तिचा रस्ताकर भरलेला असावा किंवा ती रस्त्यावर नसल्याचे रीतसर कळवलेले असावे, आणि गेल्या पाच वर्षांत यांपैकी एक ना एक स्थिती अखंड असावी. गॅरेजमागे गंजत पडलेल्या सांगाड्यावरून मौल्यवान क्रमांक सोलून घेण्यास यायोगे आळा बसतो. ज्या गाडीचे वय वा मूळ अनिश्चित असल्यामुळे तिला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळाला आहे, तिच्यावर खासगी क्रमांक चढवता येत नाही. परंतु सर्वांत महत्त्वाचा निर्बंध वयाचा. क्रमांकाच्या योगे गाडी आहे त्याहून जुनी भासली तर चालते. नवी भासता कामा नये. २०१८ साली नोंदलेल्या गाडीस २००७ चा क्रमांक लावता येईल, २०२५ चा लावता येणार नाही, कारण तसे केल्यास पुढचा खरेदीदार फसेल. आणि ज्या क्रमांकात वर्षच नाही तो कोणत्याही वयाच्या गाडीस चालतो, त्याच्या भावाचे रहस्य हेच.

या सर्व रीतीत जे खरोखर हानी करते ते एकच: क्रमांक उतरवण्याआधी गाडी हातची जाऊ देणे. गाडी विकली, नोंदणी नव्या धारकाच्या नावे झाली, की क्रमांकाचा हक्कही त्याच्याबरोबर गेला. मागाहून पावत्या, जुनी छायाचित्रे अथवा वडिलांची आद्याक्षरे दाखवून काही उपयोग होत नाही. गाडी भंगारात गेली तर क्रमांकही तिच्याबरोबर जातो. अपघातात गाडी पूर्ण निकामी ठरली आणि विमा कंपनीने ती ताब्यात घेऊन रक्कम चुकती केली तर तेच घडते, म्हणून दावा निकाली निघण्यापूर्वीच क्रमांक राखून ठेवीत असल्याचे कंपनीस लेखी कळवले पाहिजे. याहून सूक्ष्म धोका कौटुंबिक व्यवहारात असतो. नोंदणीपुस्तिकेत ज्याचे नाव असते तो कायद्याने गाडीचा मालक नव्हे, तर धारक होय; ती पुस्तिका मालकीचा पुरावा नाही असे तिच्यावरच छापलेले असते. असे असूनही क्रमांकाचा हक्क मात्र त्या धारकाकडे जातो. वडिलांनी कौतुकाने आपला क्रमांक मुलाच्या गाडीस बहाल केला आणि पुस्तिकेत मुलाचे नाव असले, तर त्या दिवसापासून हक्क मुलाचा. भाड्याच्या कराराने घेतलेल्या किंवा नोकरीनिमित्त मिळालेल्या गाडीवर क्रमांक चढवला, तर हक्क त्या कंपनीच्या नावे जातो, आणि नोकरी सुटल्यावर तो परत मिळवण्यासाठी कंपनीच्या सहकार्यावर विसंबावे लागते. असा क्रमांक चढवण्यापूर्वीच तो परत देण्याविषयी लेखी हमी घ्यावी. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी दोन वर्षांनी त्या खुर्चीवर असेलच असे नाही.

पाटी बनवतानाही मोकळीक नाही. ती नोंदणीकृत पाटीवाल्याकडूनच करून घ्यावी लागते, आणि तो ओळखीचा पुरावा व क्रमांकावरील हक्काचा कागद पाहिल्याखेरीज काम हाती घेत नाही. पुढील पाटी पांढरी, मागील पिवळी. गाडीवरील अक्षरांची उंची ७९ मिलिमीटर, दोन अक्षरांमधील अंतर ११ मिलिमीटर आणि दोन गटांमधील अंतर ३३ मिलिमीटर, इतके काटेकोर परिमाण कायद्याने ठरवून दिले आहे. आपले नाव अधिक स्पष्ट वाचले जावे म्हणून अक्षरे सरकवली, किंवा दोन अंकांच्या मध्ये खिळा येईल अशा बेताने तो ठोकून अंकाचे अक्षर केले, तर हजार पौंडांपर्यंत दंड होतो, वार्षिक तपासणीत गाडी नापास ठरते आणि क्रमांकच काढून घेतला जाऊ शकतो. ४१४१ या अंकांना असे काही वळण द्यायचे की देवनागरीत ‘दादा’ वाचले जावे, ही महाराष्ट्रातील हौस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा मोह निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. तोही आपल्याकडे बेकायदेशीरच आहे. पाटी हातात आल्यावर विमा कंपनीस नवा क्रमांक कळवावा, आणि लंडनमध्ये प्रवेशशुल्क आपोआप वळते होण्यासाठी ज्यांनी खाते उघडले आहे त्यांनी त्या खात्यातही तो त्याच दिवशी बदलावा, अन्यथा दंडाच्या नोटिसा दारी येऊ लागतात.

महाराष्ट्रात क्रमांकाची ओढ तितकीच असली तरी कायद्याची बैठक वेगळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये नोंदणी प्राधिकारी गाडीस क्रमांक देतो, आणि गाडी विकली की तो सामान्यतः तिच्याबरोबरच जातो. पसंतीच्या क्रमांकासाठी आरटीओत जादा शुल्क भरण्याची सोय फार जुनी आहे. ऑगस्ट २०२४ अखेरच्या अधिसूचनेने हे शुल्क वाढवण्यात आले आणि चारचाकीसाठी ‘०००१’ या क्रमांकाचा दर तीन लाखांवरून पाच लाख रुपये झाला. मुंबई, पुणे अशा अधिक मागणीच्या ठिकाणी तो सहा लाख, आणि चालू मालिकेबाहेरचा हवा असल्यास अठरा लाखांपर्यंत गेला. वर्तमानपत्रांनी या आकड्यांचेच मथळे केले. माझ्या मते त्याच अधिसूचनेतील दुसरी तरतूद पुष्कळच अधिक मोलाची होती: पसंतीचा क्रमांक पती किंवा पत्नी, मुलगा अथवा मुलगी यांच्या नावे करून देण्याची, पूर्वी नसलेली मुभा तिने दिली. क्रमांक हा कुटुंबाच्या आठवणीचा भाग असू शकतो, ही गोष्ट आपल्या सरकारने प्रथमच मान्य केली. शुल्क घेणाऱ्याने हक्काचे स्वरूपही स्पष्ट करावे हे न्यायाला धरून आहे. यास्तव ब्रिटनप्रमाणे येथेही मुदत, नाव आणि शर्ती एकाच कागदावर नमूद असलेला दाखला परिवहन खात्याने द्यावा, अशी मागणी वाहनधारकांनी संघटितपणे केली पाहिजे.

शेवटी वारशाविषयी. ब्रिटनमध्ये धारक निवर्तल्यास त्याच्या गाडीवरील किंवा दाखल्यावरील क्रमांक आपोआप कोणाकडे जात नाही. मृत्युपत्राच्या अंमलदारांनी मृत्यूचा दाखला आणि आपल्या अधिकाराचा पुरावा जोडून स्वान्झीस कळवावे लागते, आणि मग तो क्रमांक राखावा, वारसाच्या गाडीस द्यावा की सोडून द्यावा हे त्यांना ठरवता येते. दाखल्याची दहा वर्षांची मुदत या काळात थांबून राहत नाही. मुदतीपूर्वीच्या शेवटच्या अठ्ठावीस दिवसांत नूतनीकरण करता येते, आणि ती तारीख उलटली की हक्क संपतो. दुःखात असलेल्या घरात ही तारीख कोणाच्या लक्षात राहणार? ज्या मराठी वाचकांचे आप्त तिकडे आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, व्ही ७७८ किंवा व्ही ७५० असेल तर तो घरात कोठे ठेवला आहे, कोणाच्या नावे आहे आणि कोणत्या तारखेस संपतो, एवढे त्यांनी घरातील आणखी एका माणसास सांगून ठेवावे, आणि गाडी विकण्याचे ठरताच तिची जाहिरात देण्याआधी क्रमांक उतरवून घ्यावा.